पोलिसांच्या नावाने ‘सुरक्षा वर्गणी’: आमच्या गल्लीचे 2,17,900 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

पोलिसांना सहकार्य करणाऱ्या सुरक्षा समितीचा माणूस म्हणवून घेणाऱ्या एकाने कॅमेरे आणि रखवालदार यांच्या वर्गणीपोटी आमच्या गल्लीतील 23 दुकानदारांकडून पोलिसांच्या नावाने 2,17,900 रुपये उकळले आणि त्यातील एक रुपयाही अद्याप परत मिळालेला नाही. लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. त्यातील एका रस्त्याच्या आतल्या गल्लीत माझे भांड्यांचे दुकान आहे. हे चारचौघांत सांगताना मला लाज वाटते आणि त्याहून अधिक संताप येतो; परंतु तोच माणूस उद्या दुसऱ्या पेठेत पावतीपुस्तक घेऊन उभा राहणार, याविषयी मला शंका नाही, म्हणून गप्प राहणे शक्य नाही.

अशा लोकांची रीत सर्वांना ठाऊक आहे. गोल शिक्का, जाड कागदाचे लेटरहेड, मोबाइलमध्ये साहेबांसोबतचे फोटो हे सगळे त्याच्याकडे होतेच. पण आम्ही केवळ फोटोंवर विश्वास ठेवला नव्हता. गणेशोत्सवापूर्वी पोलीस ठाण्यात झालेल्या शांतता समितीच्या बैठकीत हा गृहस्थ पुढच्या रांगेत बसलेला आम्ही स्वतः पाहिला होता, त्याने तेथे चहाचे कप फिरवले होते आणि ‘बाजारपेठेत लोकसहभागातून कॅमेरे लागले पाहिजेत’ हे वाक्य त्याने अधिकाऱ्यांसमोर उभे राहून म्हटले होते. त्याला कोणी खाली बसवले नाही, तू कोण म्हणून विचारले नाही. ठाण्याच्या सभागृहात जो इतक्या मोकळेपणाने वावरतो, त्याच्यावर संशय कोणत्या आधारावर घ्यायचा? लोकसहभागातून कॅमेरे बसवण्याचे काम अनेक शहरांत खरोखर झालेले आहे, त्यामुळे मागणीही वावगी वाटली नाही.

कॅमेऱ्यांसाठी प्रत्येक दुकानामागे 6,500 रुपये ठरले. 23 दुकानांचे 1,49,500 झाले. रात्रीच्या रखवालदारासाठी महिन्याला 300 रुपये होते, आणि वर्षाचे एकदम भरल्यास आधी नेमणूक होईल असे सांगितल्यामुळे 14 जणांनी 3,600 प्रमाणे 50,400 भरले. चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राचे, म्हणजे डीव्हीआरचे, 18,000 रुपये मी एकट्याने दिले, कारण ते यंत्र माझ्या दुकानाच्या माळ्यावर बसायचे होते. माझे स्वतःचे 28,100 रुपये गेले. पैसे भरण्यासाठी दिलेला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर त्याच्या सुरक्षा समितीऐवजी एका व्यक्तीचे नाव येत होते. ‘समितीचे खाते उघडण्याचे काम चालू आहे, तोवर खजिनदारांच्या खात्यात घेतो, मामा’ असे त्याने सांगितले. येथेच इतरांनी हात आखडावा. समितीच्या नावाचे बँक खाते नसेल, तर वर्गणी देऊ नये.

आता जी गोष्ट मला रात्री झोपू देत नाही ती सांगतो. सोयाबीनचे पैसे हातात आल्यामुळे बाजार दिवाळीपूर्वी भरून वाहत होता. एका संध्याकाळी डीपीवर बिघाड झाला आणि संपूर्ण गल्लीची लाईट गेली. आम्ही आठ-दहा जण ओट्यांवर उभे होतो. त्या मिट्ट काळोखात चारही खांबांवरचे कॅमेरे मात्र लाल दिव्याने लुकलुकत होते. शेजारचे अण्णा कौतुकाने म्हणाले, ‘बॅटरी चांगली दिलेली दिसते.’ सर्वांनी माना डोलावल्या. वायरीतून वीज घेणारा कॅमेरा लाईट गेल्यावर बंद पडायला हवा होता. आणि बॅकअप असलाच, तर त्याची बॅटरी असायला हवी होती डीव्हीआरच्या शेजारी, माझ्याच माळ्यावर, जेथे ते यंत्र अजून आलेलेच नव्हते. खऱ्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे अंधारात जेमतेम तांबूस दिसतात, ते असे लुकलुकत नाहीत. लुकलुकतो तो बनावट कॅमेरा, आत दोन पेन्सिल सेल घातलेला. परंतु त्या आठ-दहा जणांत विजेच्या सामानाचे दुकानदारही होते आणि त्यांनाही ते सुचले नाही, हे मला येथे नोंदवायचे आहे. जो माणूस हे वाचून आम्हाला भोळे म्हणेल, त्याने आधी स्वतःच्या गल्लीतल्या कॅमेऱ्याची वायर कोठपर्यंत जाते ते पाहून यावे.

दिवाळी संपताच अण्णांच्या कापड दुकानाचे शटर उचकटून चोरी झाली. तपासासाठी आलेल्या हवालदारांनी फुटेज मागितले, डीव्हीआर नाही म्हटल्यावर शिडी लावून कॅमेरा उतरवला आणि तो उघडून माझ्या हातात दिला. प्लास्टिकचे टरफल, एक काच आणि सेल. खांबावरून उतरलेली वायर नालीपाशी कापून चिकटपट्टीने गुंडाळलेली होती. रखवालदार म्हणून शिट्टी वाजवत फिरणारा तरुण त्याच आठवड्यापासून दिसेनासा झाला आणि समितीचे सर्व मोबाइल बंद लागले.

यानंतर खरी परवड सुरू झाली. ठाण्यात पहिला प्रश्न आला तो असा: ‘पैसे देण्याआधी आम्हाला विचारले होते का?’ ज्याला तुम्ही तुमच्या बैठकीत पुढे बसवले, त्याच्याविषयी पुन्हा तुम्हालाच विचारायचे असते हे नागरिकाला कोण सांगणार? मग ‘हा दिवाणी व्यवहार आहे’ असे ऐकवण्यात आले, आणि गुन्हा न नोंदवता साधा अर्ज ठेवून घेतला गेला. क्यूआरने पैसे गेले म्हणून सायबरकडे पाठवले. तेथे ‘तुम्ही स्वखुशीने दिले’ असे सांगून परत ठाण्याकडे. बँकेने खातेदाराची माहिती पोलिसांच्या पत्राशिवाय देता येणार नाही म्हटले, आणि गुन्हाच नोंदलेला नसल्यामुळे ते पत्र निघेना. बैठकीची हजेरी मागितली तर ती उपलब्ध नाही. बैठक घेणारे अधिकारी बदलून गेले. ‘पोलिसांना सहकार्य करा’ असे फलक चौकाचौकात आहेत, पण पोलिसांच्या वतीने सहकार्य मागणारा माणूस खरा की खोटा, हे तपासण्यासाठी सदस्यांची साधी यादी ठाण्याच्या भिंतीवर नाही.

हे सहकार्य निरर्थक आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांमध्ये पोलीस आणि वस्तीतली माणसे समोरासमोर बसत होती आणि 1992-93 मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. तेथे कोण कशासाठी आले आहे हे वस्तीला माहीत होते. आमच्याकडे तेवढेच नव्हते, आणि त्याच फटीतून हा माणूस आत आला.

दिवाणी व्यवहार म्हणून कोणी तुम्हाला परत पाठवत असेल तर ऐकू नका. खोटी बतावणी करून पैसे द्यायला लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) नुसार दखलपात्र गुन्हा आहे, त्यास 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. ठाण्याने नोंद नाकारली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आम्ही ती रजिस्टर टपालाने पाठवली आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आम्हाला कळेपर्यंत त्या खात्यातून सगळे काढून झाले होते.

रखवालदार पुरवणाऱ्या संस्थेला 2005 च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखाली परवाना लागतो. तो पाहिल्याशिवाय महिन्याचे 300 रुपयेसुद्धा देऊ नका. खांबावर काही लावायचे म्हटले तर महापालिकेचे किंवा महावितरणचे परवानगीपत्र मागा. संस्था नोंदणीकृत असल्याचे सांगत असतील तर तो क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन ताडून पाहा. साहेबांशी फोनवर बोलणे करून देतो म्हणाला तर त्याच्या फोनवरून बोलू नका, स्वतः ठाण्यात जा आणि लेखी घ्या.

उदगीर, अहमदपूर, निलंगा किंवा अन्य कोठेही ज्यांनी अशा समितीला वर्गणी दिली असेल, त्यांनी पावती, क्यूआरचा फोटो आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवावा आणि आपल्या ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्यावी. खाते एकच निघाले, तर दिवाणी व्यवहाराची सबब पुढे करणे कोणालाही जड जाईल.