ईझेडएच२साठी डी२सी९: वेस्टर्नला खणखणीत, चिपला मेहनत

ईझेडएच२ हे हिस्टोन एच३च्या (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्यातलं एक प्रथिन) २७व्या लायसिनवर (एक अमिनो आम्ल) मिथाइल गट चढवणारं एन्झाइम. ते पकडायला सेल सिग्नलिंग टेक्नॉलॉजीची डी२सी९ ही रॅबिट मोनोक्लोनल (एकाच प्रकारची, सशापासूनची) अँटिबॉडी वेस्टर्न ब्लॉटसाठी (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं पटलावर उतरवून ओळखण्याची पद्धत) खुशाल घ्यावी. १:१००० प्रमाणात, ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलेल्या टीबीएसटी या बफरमध्ये ४ अंश सेल्सियसला रात्रभर ठेवली की ९८ किलोडाल्टनच्या आसपास ठसठशीत बँड येतो. हिशेबाने वजन ८५ भरतं, पण हे प्रथिन जेलवर वरच थांबतं, त्यामुळे गोंधळू नका.

बँड फिकट आला तर आधी लायसेट (पेशी फोडून मिळालेलं द्रावण) तपासा. ईझेडएच२चा बराच भाग क्रोमॅटिनला (डीएनए आणि हिस्टोनची गुंडाळी) धरून असतो. नुसत्या सौम्य डिटर्जंटने पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केलं तर तो तळाच्या गाळात जातो आणि आपण गाळ फेकून देतो. आरआयपीए हा जास्त कडक डिटर्जंटचा बफर घेऊन बर्फावर थोडं थोडं सोनिकेशन (ध्वनिलहरींनी फोडणं) करा. पिपेटच्या टोकाला नमुन्याची तार लोंबत असेल तर डीएनए अजून तुटलेला नाही. बेंझोनेज हे डीएनए तोडणारं एन्झाइम वापरणार असाल तर बफरमध्ये मॅग्नेशियम हवं, ते बांधून ठेवणारं ईडीटीए नको. शिवाय विभाजन थांबलेल्या पेशींत हे एन्झाइम मुळातच कमी असतं. खचाखच भरलेल्या डिशमधला फिका बँड खराही असू शकतो.

कंट्रोलच्या बाबतीत हयगय नको. टॅझेमेटोस्टॅट दिलेल्या पेशी निगेटिव्ह कंट्रोल म्हणून चालत नाहीत: ते औषध एन्झाइमचं काम थांबवतं, प्रथिन हटवत नाही. एच३के२७एमई३ (एच३च्या २७व्या लायसिनवरचे तीन मिथाइल गट) घटतं, ईझेडएच२चा बँड तसाच राहतो. नॉकआउट (जीनच काढून टाकलेल्या पेशी) किंवा एसआयआरएनए (जीनचा संदेश नष्ट करणारा छोटा आरएनए) हवाच.

इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये (अँटिबॉडीने प्रथिन ओढून काढण्याच्या पद्धतीत) ईझेडएच२ स्वतः अँटिबॉडीच्या हेवी चेन या मोठ्या तुकड्यापासून लांब असल्याने स्वच्छ दिसतं. पंचाईत होते ईझेडएच२चं जोडीदार प्रथिन ईईडीची. त्याचा एक प्रकार ५० किलोडाल्टनजवळ, म्हणजे नेमका हेवी चेनच्या जागी येतो. तिथे ईईडीसाठी उंदराची अँटिबॉडी घ्या, म्हणजे सशाची हेवी चेन आड येत नाही.

चिपमध्ये (क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन: प्रथिन डीएनएवर कुठे बसतं ते शोधण्याची पद्धत) अपेक्षा आवरा. एच३के२७एमई३च्या अँटिबॉडीने जेवढा सिग्नल मिळतो तेवढा इथे मिळत नाही, कारण ईझेडएच२ बहुतांशी इतर प्रथिनांच्या आधाराने डीएनएजवळ असतं. १ टक्का फॉर्मल्डिहाइडने १० मिनिटं क्रॉसलिंक करा (प्रथिनं डीएनएला घट्ट जोडा), १० मायक्रोग्रॅम क्रोमॅटिन घ्या, आणि त्याच क्रोमॅटिनवर एच३के२७एमई३ची अँटिबॉडी व साधा रॅबिट आयजीजी (कशालाही खास न चिकटणारी अँटिबॉडी) दोन्ही लावा. त्या पेशीत दबलेला एखादा हॉक्स जीन (शरीराची रचना ठरवणाऱ्या जीनपैकी) पॉझिटिव्ह कंट्रोल, कायम चालू असलेल्या जीएपीडीएच जीनचा प्रमोटर (सुरुवातीचा भाग) निगेटिव्ह. हॉक्सवर आयजीजीपेक्षा स्पष्ट फरक दिसेपर्यंत सिक्वेन्सिंगला पाठवू नका.

अँटिबॉडीची साठवण उणे २० अंशांवर; ग्लिसरॉल असल्याने गोठत नाही, छोटे भाग करायची गरज नाही. मात्र द्रावणात बीएसए असतं. अँटिबॉडीला फ्लुरोफोर (चमकणारा रंग) जोडायचा असेल तर ही बाटली घेऊ नका, बीएसए नसलेली मागवा.