गटाच्या थ्रेशरची पाळी: तीन हंगामांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या शेतकरी गटाने सोयाबीनच्या मळणीसाठी थ्रेशरची पाळी संगणकावर लावायला सुरुवात केली, त्याला आता तीन हंगाम झाले. पूर्वी यंत्र गावालगतच्या वावरांपासून निघून पांदण रस्त्याने पुढे सरकत असे. त्यात डिझेल वाचत असे, म्हणून एका हंगामापुरता तो हिशेब योग्यच होता. परंतु दरवर्षी तोच लावल्यामुळे नाल्यापलीकडची आमची पाच-सहा घरे कायम शेवटी राहत आणि परतीचा पाऊस आमच्याच गंज्यांवर पडत असे.

आता कोणी किती दिवस वाट पाहिली हे त्याच्या खात्यावर जमा राहते आणि पुढील हंगामात त्याच्या फायद्याला, म्हणजे भिजण्यापासून वाचणाऱ्या पोत्यांना, हिशेबात तेवढा अधिक भार (महत्त्व) मिळतो. क्रम ठरवताना फायद्यांची बेरीज नव्हे, तर गुणाकार जास्तीत जास्त ठेवला जातो. अमेरिकन गणितज्ञ जॉन नॅश यांनी १९५० मध्ये वाटाघाटींच्या प्रश्नासाठी मांडलेला हाच विचार आहे. समजा, भार सारखाच आहे आणि एका क्रमाने माझी २ व शेजाऱ्याची १२ पोती भिजण्यापासून वाचतात, तर दुसऱ्या क्रमाने ६ व ७. बेरीज १४ वरून १३ वर उतरते, गुणाकार मात्र २४ वरून ४२ वर जातो, म्हणून दुसरा क्रम लागतो. कोणा एकाच्या वाट्याला शून्य आले तर सगळा गुणाकारच शून्य होतो, त्यामुळे कोणालाही पूर्णपणे वाऱ्यावर सोडता येत नाही. त्यासाठी गावाने एका पोत्याचा तोटा सोसावा, असे मला मनापासून वाटते. यंत्राच्या फेऱ्या वाढल्याने भाडे थोडे चढले आहे. तेही मला मान्य आहे.

गेल्या हंगामात माझी पाळी चौथी आली. ताडपत्री काढली तेव्हा गंजीच्या तळातल्या शेंगाही हातात कुरकुरत होत्या.

दोन उणिवा मात्र गंभीर आहेत. वाट पाहण्याचे दिवस नोंदणीपासून मोजले जात असल्याने काही जण पीक उभे असतानाच नाव लावतात. मोजणी गंजी लागल्याच्या दिवसापासून व्हायला हवी. दुसरी उणीव मला अधिक टोचते. खाते सातबाऱ्यावरील नावाने असल्यामुळे मक्त्याने वावर करणारा दोन वर्षे ताटकळतो आणि त्याने वावर सोडले की ते जमा दिवस मालकाकडेच राहतात. खाते प्रत्यक्ष वाहणाऱ्याच्या नावावर करावे, असा लेखी अर्ज मी गटाकडे दिला असून येत्या खरिपाच्या नोंदणीपूर्वी त्यावर निर्णय व्हावा, अशी माझी मागणी आहे.