पहिल्या वर्षाचे सामान्य रसायनशास्त्र : आठ महिन्यांचा अनुभव, एका शून्याच्या निमित्ताने

ब्युरेटमधील (द्रव मोजून सोडण्याच्या, खुणा असलेल्या काचनळीतील) पातळी 23.40 मिलिलीटरच्या रेघेवर टेकलेली असताना मी वहीत 23.4 एवढेच लिहिले आणि प्रात्यक्षिक परीक्षेत दोन गुण गमावले. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी रंग हवा तसा फिकट आला होता, उत्तरही बरोबर होते. राहिले होते ते एक शून्य. विज्ञान शाखेच्या या प्रास्ताविक अभ्यासक्रमाविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते, पण लिहायला बसवले ते या शून्याने. त्यामुळे पुढे सार्थ अंकांना, म्हणजे माप किती अचूक आहे हे सांगणाऱ्या अंकांना, त्यांच्या योग्यतेपेक्षा जास्त जागा मिळाली, तर वाचकांनी ते समजून घ्यावे.

मोल (अणुरेणू मोजण्याचे एकक), वायू, उष्मा, अणुरचना, बंध, समतोल, आम्ल आणि आम्लारी हा क्रम बहुतेकांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्याचे वर्णन करीत नाही. मोलचा भाग चांगला शिकवला गेला आणि कोणता अभिक्रियाकारक आधी संपेल हे ओळखण्याची सवय कायमची लागली. अणुरचनेच्या भागात मात्र क्रोमियम आणि तांबे यांची इलेक्ट्रॉन संरूपणे (कवचांतील इलेक्ट्रॉनांची मांडणी) अपवाद म्हणून पाठ करून घेतली गेली. ते अपवाद का आहेत, हे विचारल्यावर 'अर्धे भरलेले कवच स्थिर असते' हे एकच वाक्य प्रत्येक वेळी ऐकावे लागले. उष्म्याचे प्रात्यक्षिक फोमच्या पेल्यात झाले. प्रबळ आम्ल आणि प्रबळ आम्लारी यांच्या उदासिनीकरणात दर मोलमागे साधारण 56 किलोज्यूल उष्णता बाहेर पडायला हवी, आमच्या गटाला 49 मिळाली. तरीही ते मला वर्षातील सर्वांत प्रामाणिक प्रात्यक्षिक वाटले, कारण उरलेली उष्णता कोठे गेली असेल हे तेथे आम्हाला स्वतःच्या शब्दांत लिहायचे होते.

आता सार्थ अंक. नियम स्वतः अवघड नाहीत. अडचण अशी की एकाच अभ्यासक्रमात तीन ठिकाणी ते तीन तऱ्हांनी लागू होतात. प्रयोगपुस्तिका 500 मिलिलीटर असे छापते आणि त्यातील शून्ये मोजायची की नाहीत हे वाचकावर सोडते, 5.00 × 10² असे लिहिले असते तर प्रश्नच उरला नसता. पाठ्यपुस्तक प्रमाण दाब 1 अ‍ॅटमॉस्फिअर धरून आदर्श वायूच्या एका मोलचे आकारमान 22.4 लीटर देते. संगणकावरील गृहपाठ आयुपॅक (IUPAC) या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेच्या 1982 पासूनच्या शिफारशीप्रमाणे 1 बार धरतो आणि 22.7 लीटर मागतो. याच गृहपाठाने माझे 0.25 हे उत्तर चूक आणि 0.250 हे बरोबर ठरवले, तेही अशा गणितात की ज्यातील दिलेली सर्व मापे दोनच सार्थ अंकांची होती. त्यातही त्याची वर्गणी वेगळी भरावी लागते आणि सत्र संपताच खाते बंद होते, म्हणजे स्वतः सोडवलेली गणिते पुन्हा पाहण्याची सोयही उरत नाही.

पैसे वाचवण्यासाठी मी पाठ्यपुस्तकाची जुनी आवृत्ती वापरली. प्रकरणे तीच आहेत, गणितांचे क्रमांक तेवढे बदलले आहेत, आणि वर्गमैत्रिणीच्या नव्या प्रतीवरून ते उतरवून घेण्यास आठवड्याला दहा मिनिटे पुरतात. नव्या आवृत्तीचा आग्रह धरणाऱ्यांना मी हेच सांगेन की आधी दोन्हींची अनुक्रमणिका शेजारी ठेवून पाहावी.

पहिल्या सत्राअखेर मी हे लिहिले असते तर ते येथेच संपले असते आणि शीर्षकात 'शून्यांचा छळ' असे काहीतरी असते. दुसऱ्या सत्रात मत बदलावे लागले. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे ते तोलून अचूक संहतीचे (द्रावणातील पदार्थाच्या प्रमाणाचे) द्रावण करता येत नाही. आधी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटसारख्या स्थिर पदार्थाशी त्याचे टायट्रेशन करून, म्हणजे अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत ते मोजून मिसळून, संहती ठरवावी लागते. मी हा पदार्थ चार दशांश स्थाने दाखवणाऱ्या तराजूवर तोलला, 0.5105 ग्रॅम. रेणुभार 204.22, म्हणजे 0.0025 मोलच्या अगदी जवळ. ब्युरेटमधून 24.86 मिलिलीटर द्रावण गेले होते आणि मी सवयीप्रमाणे 24.9 लिहिले. एवढ्यावर संहती 0.100 मोलर (लीटरमागे मोल) यापेक्षा अधिक काही म्हणता येत नाही. 24.86 ठेवले असते, तर ती 0.1006 आली असती. म्हणजे महागड्या तराजूवर कमावलेली अचूकता मी पेन्सिलीच्या एका फटकाऱ्याने टाकून दिली होती, आणि पुढील तीन प्रात्यक्षिके त्याच द्रावणावर उभी होती.

सहा हजारांश भागाने काय बिघडते, असे मी तेव्हा विचारलेही होते. त्याचे उत्तर जुन्या आवृत्तीतील एका चौकटीत सापडले, जी नव्या आवृत्तीतून काढून टाकली आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी हवेतून ऑक्सिजन काढून उरलेला नायट्रोजन आणि अमोनियासारख्या संयुगांपासून मिळवलेला नायट्रोजन एकाच गोलकात भरून तोलले. पहिला सुमारे 2.310 ग्रॅम भरला आणि दुसरा सुमारे 2.299. फरक जेमतेम 11 मिलिग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्याही किंचित आतला. मी खोडलेल्या फरकापेक्षाही थोडा लहान. रॅले यांनी तो सोडून दिला नाही, आणि 1894 मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमझी यांच्यासह त्यांनी हवेतील आर्गॉन जाहीर केला. दोघांनीही वजने दोन सार्थ अंकांत लिहिली असती तर दोन्हीकडे 2.3 च दिसले असते. अख्ख्या वर्षात आर्गॉन आम्हाला भेटला तो आवर्तसारणीच्या उजव्या कडेचा एक निष्क्रिय वायू म्हणून, एका ओळीत. सार्थ अंक शिकवणाऱ्या पहिल्याच तासाला ही चौकट वाचून दाखवली असती, तर माझी निम्मी चिडचिड वाचली असती.

सामूचे (pH चे) गणितही असेच उमगले. हायड्रोजन आयनांची संहती 2.5 × 10⁻⁴ असेल तर सामू 3.60 लिहायचा, 3.6 नाही, हे मी सहा महिने निमूटपणे पाळले. सामूतील 3 हा आकडा केवळ दहाच्या घाताची जागा सांगतो, मोजमापाची अचूकता दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांत असते, एवढे स्पष्टीकरण त्याला पुरेसे होते आणि ते मला प्रयोगशाळेतील मदतनिसांकडून, भांडी धुताना मिळाले.

त्यामुळे परीक्षेतील दोन गुण मागायला मी गेले नाही. ते गेले ते ठीकच झाले. गृहपाठाच्या 0.25 बद्दल मात्र लेखी तक्रार दिली. कंपनीने कळवले की सार्थ अंकांची तपासणी सुरू ठेवायची की बंद, हे शिक्षक ठरवतात. शिक्षक म्हणाले की ते विभाग ठरवतो. विभागाने तीन आठवड्यांनी ती तपासणी केवळ वायूंच्या प्रकरणापुरती बंद केली, तोपर्यंत आमचे ते प्रकरण संपून समतोल सुरू झाला होता. पुढच्या वर्षासाठी जुनी आवृत्ती मी एका कनिष्ठ विद्यार्थिनीला देऊन टाकली आहे, आर्गॉनच्या पानावर खूण घालून.