हॉट टब घेताना फसले, ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा

खूप दिवस लिहायचं टाळत होते कारण आठवलं की अजून त्रास होतो, पण परवा मैत्रिणीने एका विक्रेत्याचं कोटेशन पाठवून विचारलं घेऊ का, आणि त्यात शब्दन् शब्द तीच आश्वासनं होती जी मला दिली होती.

आईचे गुडघे दुखतात आणि माझी पाठ, म्हणून घरामागे एक शांत कोपरा करायचा होता. लाकडी डेक, थोडी झाडं, मंद दिवे आणि मधे चार जणांचा हॉट टब. शोरूममध्ये भरलेला, चालू टब दाखवला, हात घातला तर जेटचा जोर एकदम मस्त. 5 एचपीचा पंप, फुल इन्सुलेशन, 2 तासात पाणी गरम, 10 वर्षं वॉरंटी असं सगळं सांगितलं, वर ऑफर आजच संपतेय म्हणाले आणि मी 80 टक्के पैसे तिथेच भरले.

टब आला तो बाहेरून हुबेहूब तसाच. बाकीचे पैसे गाडीतून उतरवायच्या आधीच घेतले, भरून दाखवा म्हटलं तर आम्ही फक्त डिलिव्हरीवाले म्हणाले. 1200 लिटर पाणी भरलं, रात्री चालू केला, सकाळी आईला हात धरून पायरीवरून आत उतरवलं तर पाणी जेमतेम कोमट, आणि जेटमधून नुसते बुडबुडे. ती काही बोलली नाही, थंडी वाजतेय म्हणून बाहेर आली. ते मला फार लागलं.

इलेक्ट्रिशियनने बाजूचं पॅनल उघडलं. उष्णता आत धरून ठेवणाऱ्या फोमचा पत्ताच नाही, एका बाजूला पातळ चंदेरी शीट चिकटवलेली. पंपावर 5 एचपीचं स्टिकर पण खालच्या मूळ प्लेटवर 1500 वॅट. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, म्हणजे पंप फक्त 2 एचपीचा! हीटर 2 किलोवॅटचा. आता हिशोब बघा, 1200 लिटर पाणी 20 डिग्रीवरून 40 वर न्यायला जवळजवळ 28 युनिट वीज लागते, म्हणजे या हीटरला सलग 14 तास, तेही उष्णता अजिबात बाहेर गेली नाही तर, आणि इथे तर फोमच नव्हता. 2 तासात करायचं तर 14 किलोवॅट लागतील, घरगुती टबचे इलेक्ट्रिक हीटर साधारण 2 ते 6 किलोवॅटचे असतात. हे मी पैसे भरण्याआधी पाच मिनिटात काढू शकले असते.

पण मला सगळ्यात जास्त राग दुसऱ्याच गोष्टीचा आला. त्यांनी साध्या एक्स्टेंशन बोर्डवर चालवा म्हणून सांगितलं होतं, 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीचं, म्हणजे करंट लीक झाला की लगेच वीज तोडणाऱ्या स्विचचं, नावसुद्धा काढलं नाही, आणि आत माझी आई बसणार होती. शिवाय गच्चीवर ठेवला तरी चालेल म्हणाले होते. 1200 लिटर म्हणजे 1200 किलो नुसतं पाणी, त्यात टब आणि चार माणसं धरली की दीड टनाच्या वर जातं, दोन बाय दोन मीटरच्या जागेत चौरस मीटरला 400 किलोच्या आसपास, आणि घराचा स्लॅब साधारण 150 ते 200 किलोच धरून बांधतात. आम्ही जमिनीवर ठेवला म्हणून वाचलो.

वॉरंटी कार्ड नीट वाचलं तर 10 वर्षं फक्त शेलवर, म्हणजे ॲक्रिलिकच्या भांड्यावर. पंप, हीटर, कंट्रोल बोर्ड 90 दिवस, तेही टब स्वतःच्या खर्चाने त्यांच्याकडे नेऊन. आधी टेक्निशियन निघालाय निघालाय चाललं, मग माझा नंबरच ब्लॉक केला. ग्राहक तक्रार केलीये, पॅनल उघडल्याचे फोटो होते म्हणून निदान दाखवायला काहीतरी आहे.

मैत्रिणीला सांगितलं की जो पीस घरी येणार तोच भरून चालू करून दाखवा म्हण, त्याचा सीरियल नंबर बिलावर घे, पंप आणि हीटरच्या मूळ प्लेटचा फोटो माग, आणि शेवटचा मोठा हप्ता घरी आपल्या थर्मामीटरवर 40 डिग्री दिसल्यावरच दे, 40 च्या वर तसंही जायचं नसतं. तिने त्याच दिवशी प्लेटचा फोटो मागितला. आधी दिवसाला तीन फोन करणारा तो माणूस, आज चार दिवस झाले, त्याचा एकही फोन नाही.