घरी शाळेचंच पुस्तक की वेगळा संच? क्लासिकल ख्रिस्ती शाळेतल्या लहान मुलांच्या पालकांसाठी

ऑगस्टात शाळा सुरू झाली की आमच्या डॅलसकडच्या मराठी मंडळीत नव्या पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. मुलाला क्लासिकल ख्रिस्ती शाळेत (पाठांतर, लॅटिन आणि ख्रिस्ती शिक्षण यांवर भर देणाऱ्या शाळेत) घातलंय, आता घरी अभ्यास कसा घ्यायचा? म्हणजे शाळेत जी पुस्तकं आणि कार्डं आहेत तीच संध्याकाळी पुन्हा उघडायची, की होमस्कूलवाल्यांसाठी, म्हणजे मुलांना घरीच शिकवणाऱ्यांसाठी, निघालेला एखादा चांगला संच आणून शाळेच्या जोडीला चालवायचा? आमच्या दोन मुलांसाठी आम्ही दोन्ही केलंय. थोरली आता चौथीत आहे, धाकटा पहिलीत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण सगळ्या विषयांना एकच उत्तर लागू पडतं असं मला वाटत नाही.

या शाळांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डच्या भाषणात या वयाला पोपटाचं वय म्हटलं होतं, आणि प्राथमिक वर्गांची सारी उभारणी त्यावरच आहे: आधी पाठ करा, सुरात म्हणा, अर्थ हळूहळू उलगडेल. आपल्यापैकी जे पाढे आणि संडेस्कूलची वचनं पाठ करत वाढले त्यांना हे मुळीच परकं नाही. म्हणूनच आपण उत्साहाने मदतीला धावतो, आणि दुसरा संच घ्यायचा मोहही आपल्यालाच जास्त होतो.

लॅटिनपासून सुरुवात करतो, कारण माझा निर्णय तिथे झाला.

लहान मुलांच्या लॅटिनसाठी घरी वापरण्याजोगी पुस्तकं भरपूर आहेत आणि बरीचशी खरोखर छान आहेत. मेमोरिया प्रेसचं ‘प्रीमा लातीना’ ज्याला स्वतःला लॅटिनचा गंध नाही अशा पालकालाही हाताला धरून नेतं, त्यात प्रार्थनाही आहेत. क्लासिकल अकॅडेमिक प्रेसचं ‘लॅटिन फॉर चिल्ड्रन’ गाण्याच्या अंगाने जातं. पानापानाची तुलना इथे करत नाही, दुकानाच्या पानावर ती मिळते. तिथे ठळकपणे दिसत नाही ती गोष्ट उच्चारांची. लॅटिन दोन तऱ्हेने शिकवतात. चर्चच्या परंपरेतल्या उच्चारात ‘स्वर्ग’ हा शब्द ‘चेलुम’ होतो, प्राचीन रोमच्या पुनर्रचित उच्चारात ‘काइलुम’. राणी एकीकडे ‘रेजीना’, दुसरीकडे ‘रेगीना’. सिसेरो एका वर्गात ‘चिचेरो’, दुसऱ्या वर्गात ‘किकेरो’.

आमच्या शाळेत प्राचीन उच्चार आहेत. घरी आम्ही आणलेल्या संचाच्या ध्वनिफितीत चर्चचे होते. दोन्ही उच्चार आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यावरून मी कुणाशी वाद घालणार नाही. पण दुसरीतली मुलगी सकाळी वर्गात सर्वांबरोबर ‘काइलुम’ म्हणते आणि संध्याकाळी गाडीत ‘चेलुम’ ऐकते, तेव्हा ती दोन उच्चार शिकत नाही, एकाच शब्दापाशी अडखळायला शिकते. वर्गातलं रेसिटेशन, म्हणजे पाठ केलेलं सर्वांनी मिळून म्हणणं, हे समूहाचं काम. सगळा वर्ग एका सुरात पुढे जातो आणि एक मूल अर्ध्या क्षणासाठी मागे राहतं. शब्द तिला येत होता, अर्थही येत होता. तरीही ती गप्प राहू लागली. शिक्षिकेने हे हळुवारपणे आमच्या कानावर घातलं, तेव्हा कुठे कारण लक्षात आलं. त्यात भर म्हणजे आपला मराठी ‘व’. ‘वेनी, वीदी, वीकी’ म्हणताना शाळेला इंग्रजी डब्ल्यूसारखा ओठ गोल करून काढलेला आवाज हवा असतो, चर्चच्या उच्चारात दात ओठाला लागतात, आणि आपला ‘व’ या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो. म्हणजे मुलीच्या कानावर तीन आवाज पडत होते. तिने त्यातला कुठला धरायचा?

हीच गोष्ट विभक्तींची. ज्यांनी दहावीपर्यंत संस्कृत घेतलं त्यांना वाटतं, इथे तर आपण कामाला येऊ. येतोही, कारण शब्दाच्या शेवटावरून कर्ता-कर्म ओळखायचं ही कल्पना मुलाला समजावणं आपल्याला सोपं जातं. पण आपण ‘देवः देवौ देवाः’ असं आडवं म्हणतो, आणि अमेरिकेतले वर्ग उभे उतरतात: आधी एकवचनाचा पूर्ण स्तंभ, मग अनेकवचनाचा. ‘मेन्सा, मेन्साइ, मेन्साइ, मेन्साम, मेन्सा’. क्रमही आपला नाही. प्रथमेनंतर थेट षष्ठी, मग चतुर्थी, मग द्वितीया, शेवटी पंचमी, जी तृतीयेचं कामही बरंचसं करते. ब्रिटनमधल्या पुस्तकांचा क्रम याहून वेगळा, त्यांच्यात द्वितीया वर सरकते. तेव्हा जुन्या ग्रंथविक्रेत्याकडे छानसं ब्रिटिश व्याकरण स्वस्तात मिळालं तरी चौथीपर्यंतच्या मुलाच्या हातात ते देऊ नये असं मला वाटतं. पालकाने स्वतःसाठी जरूर घ्यावं.

या दोन अनुभवांतून माझी एक धारणा बनली. मोजमाप काही केलेलं नाही, दोन मुलांकडे पाहून सांगतोय. मुलाला दोन भाषांचा त्रास होत नाही. एकच गोष्ट एकाच भाषेत दोन रीतींनी समोर आली की त्रास होतो. आमच्याकडे प्रभूची प्रार्थना रात्री मराठीत होते, शाळेत ती इंग्रजीत आणि लॅटिनमध्ये. त्या तिन्ही एकमेकींच्या वाटेत कधी आल्या नाहीत. आजीशी बोलताना मराठी, वर्गात ‘पातेर नोस्तेर’, सगळं सुरळीत. पण इंग्रजी वचन शाळेत एका भाषांतरातून आणि घरी दुसऱ्या भाषांतरातून पाठ करायला लागलो की दोन्ही कच्ची राहिली. स्तोत्र २३ आम्हा मोठ्यांना किंग जेम्स या बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतराच्या शब्दांत येतं, ते कानात बसलेलं आहे आणि सोडवत नाही, हे मी समजू शकतो. तरी शाळा ज्या भाषांतरातून पाठ करून घेते त्यातूनच घरी म्हणावं. किंग जेम्स मोठेपणी वाचायला आहेच.

फोनोग्रामचंही, म्हणजे इंग्रजी वाचायला शिकताना आवाजासाठी पाठ करायच्या अक्षरांचं आणि अक्षरगटांचंही, हेच. स्पाल्डिंग या वाचन-लेखनाच्या पद्धतीच्या परंपरेत ७० फोनोग्राम आहेत, त्यावरून पुढे निघालेल्या इतर पद्धतींची यादी थोडी कमी-जास्त आहे, आणि एका फोनोग्रामचे आवाज कुठल्या क्रमाने म्हणायचे हेही पद्धतीगणिक बदलतं. ओ-यू-जी-एचचे सहा आवाज आमचा धाकटा वर्गातल्या क्रमानेच धडाधड म्हणतो, आणि क्रम बदलला की थबकतो. इथे मी स्वतःचा उच्चारही मधे आणत नाही. शाळेने दिलेलं रेकॉर्डिंग लावतो, तो म्हणतो, मी कार्ड धरतो.

इंग्रजी व्याकरणात जिथे शर्ली पद्धत आहे तिथे तर पर्यायच उरत नाही. ‘कर्ता कोण? काय करतो?’ ही प्रश्नोत्तरांची माळ ठरलेली असते आणि जिंगल, म्हणजे व्याकरणाचे नियम सांगणारी छोटी गाणी, त्याच चालीत लागतात. पालकाने ती माळ शिकून घ्यावी, फार वेळ लागत नाही. वाक्याची आकृती काढायची रीड आणि केलॉग यांची १८७७ सालची रीत मला फार आवडते, वाक्याचा सांगाडा डोळ्यांना दिसतो, पण ती शाळेत सुरू होईपर्यंत मी ती घरी काढत नाही.

आता दुसरी बाजू, कारण गणितात वेगळ्या पुस्तकाने आमचं भलं केलं.

शाळेत सॅक्सन हा गणिताचा अभ्यासक्रम आहे. रोज एक लहानसा नवा तुकडा आणि बाकी सगळी मिसळलेली उजळणी, शिवाय घड्याळ लावून सोडवायचे बेरीज-गुणाकाराचे कागद. हात पक्का होतो, यात शंका नाही. पण शाब्दिक उदाहरण आलं की मुलगी आकडे उचलून कुठली तरी क्रिया करून मोकळी व्हायची. ‘रमाकडे शोभापेक्षा १२ जास्त, दोघींकडे मिळून ४०’ अशा उदाहरणात तिने सरळ ४० मधून १२ वजा केले आणि २८ हे उत्तर लिहून पान उलटलं. घरी आम्ही सिंगापूर पद्धतीचं, म्हणजे चित्रातून उदाहरण समजावणारं, एक पुस्तक आणलं आणि त्यातल्या पट्ट्या काढायला लागलो. शोभाची एक पट्टी, रमाची तेवढीच पट्टी आणि पुढे १२ चा तुकडा. तो तुकडा झाकला की उरलेल्या २८ च्या दोन सारख्या पट्ट्या दिसतात, शोभाकडे १४, रमाकडे २६. हे समजावताना मला इंग्रजीही बोलावं लागलं नाही. पट्टी ही चित्र आहे, सॅक्सनच्या कुठल्याही शब्दाशी किंवा क्रमाशी तिची टक्कर होत नाही. म्हणून इथे वेगळं पुस्तक उपयोगी पडलं, अडथळा झालं नाही. मात्र दोन्हींचे धडे समांतर चालवायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. फक्त शाब्दिक उदाहरणं घेतली, बाकीचं पुस्तक मिटलेलं राहिलं.

पाढ्यांबद्दल बरेच मराठी पालक विचारतात. शाळेत सात, चौदा, एकवीस असं उड्या मारत चालीवर म्हणतात, आपल्याकडे ‘सात एके सात, सात दुणे चौदा’. दोन भाषा आहेत, त्यामुळे गोंधळ होत नाही, आमच्याकडे दोन्ही चालतात. पण घड्याळाच्या कागदासाठी मराठी पाढ्यावर विसंबू नका. ‘छप्पन्न’ आठवून त्याचं इंग्रजी करेपर्यंत बाकीची मुलं पुढच्या ओळीवर गेलेली असतात. पाढे पाढ्यांसाठी शिकवा, आजी-आजोबांना ऐकवण्यासाठी शिकवा, त्यात मोठा आनंद आहे.

इतिहासात मी सर्वांत मोकळा आहे. कालक्रमाचं गाणं (इतिहासातल्या घटना क्रमाने सांगणारं) आणि त्या घटनांची कार्डं शाळेचीच हवीत; व्हेरिटास प्रेसच्या कार्डांचे ३२-३२ चे पाच गट आहेत, इतर शाळांची मालिका वेगळी असते, आणि गाण्यात एक घटना इकडची तिकडे झाली की सगळी ओळ कोसळते. पण गाण्याच्या बाहेर वाचायला आकाश मोकळं आहे. ग्रंथालयातून इजिप्त, रोम, मार्टिन ल्यूथर, हवं ते आणा, कुठल्याही क्रमाने वाचा, त्याने काही बिघडत नाही. आपल्या मुलांसाठी एक जोड मी आग्रहाने सुचवीन. किंग जेम्स बायबल १६११ चं. त्यानंतर पाचच वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लंडमधून आलेल्या जेझुइटाचं (येशूसंघ या कॅथलिक संघातल्या धर्मगुरूचं) ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांमध्ये छापलं गेलं. १६११ च्या कार्डाच्या मागे आम्ही पेन्सिलने तेवढं लिहून ठेवलंय. शाळेच्या त्या गाण्यात आपल्या लोकांचा उल्लेख नाही, आणि मुलाला आपण या कथेत कुठे आहोत हे कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग वेगळा संच घ्यावा कुणी? माझ्या मते, ज्यांचं मूल तिसरी-चौथीत नव्याने येतंय आणि वर्गातल्या बाकीच्यांचं लॅटिन दोन वर्षं पुढे गेलंय त्यांनी. तेव्हा शाळेचं चालू पुस्तक मधूनच उघडून काही हाती लागत नाही, आधी पाया हवा. उन्हाळ्याच्या सुट्टीतही चालेल, शाळा बंद असताना टक्कर कमी होते. अट एकच, उच्चार आणि विभक्तींचा क्रम शाळेचाच असावा. ‘लॅटिन फॉर चिल्ड्रन’मध्ये दोन्ही उच्चारांची सोय आहे, म्हणून शाळा प्राचीन उच्चारांची असेल तर मी तिकडे झुकेन. शाळा चर्चचे उच्चार घेत असेल तर ‘प्रीमा लातीना’ बिनधास्त घ्या. ज्यांची शाळा आठवड्यातले दोन-तीनच दिवस भरते आणि बाकी दिवस पालकांकडे असतात, त्यांच्याकडे तर घरच्या दिवसांचं नियोजन शिक्षकच देतात. तिथे वरून आणखी एक संच लादू नये, ते दिवस आधीच भरलेले असतात.

बाकी पालकांनी, निदान पहिली काही वर्षं, शाळेचंच घरी पुन्हा म्हणावं असं मला वाटतं. ते कंटाळवाणं वाटेल, मुलाला नव्हे, आपल्याला. पोपटाच्या वयातल्या मुलाला तेच ते म्हणायला आवडतं. कंटाळा येतो म्हणून आपण नवं काही शोधायला लागतो, आणि संच बहुतेक त्याच वेळी विकत घेतले जातात.

काहीही मागवण्याआधी वर्गशिक्षिकेला एवढं विचारून घ्या: लॅटिनचे उच्चार कुठले, विभक्तींचा क्रम कुठला, वचनं कुठल्या भाषांतरातून, फोनोग्राम कुणाच्या यादीचे. आणि जमलं तर वर्गाच्या रेसिटेशनचं एक रेकॉर्डिंग मागा. आमच्या शाळेने ते आनंदाने दिलं. आता सकाळी गाडीत तेच लागतं.