दुकानातल्या दुकानात पहिला क्रमांक

सांगलीत आमचे हळद आणि बेदाण्याचे किरकोळ दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केले, गेली बावीस वर्षे मी ते चालवतो, आणि हळकुंड मोडून आतल्या रंगावरून मालाची प्रत सांगण्याइतका अनुभव माझ्या गाठीशी आहे. मोडून पाहता येत नाही असा माल मात्र मी एकदाच घेतला आणि त्यात सहा महिन्यांत २,२६,२०० रुपये घालवले. त्या मालाचे नाव डिजिटल मार्केटिंग. लहान दुकानदाराच्या बाबतीत हा प्रकार नेमका कसा घडतो हे इतरांना आधी कळावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. वकिलांमार्फत नोटीस दिलेली असल्यामुळे संबंधित संस्थेचे नाव देत नाही.

जानेवारीच्या अखेरीस दोन तरुण दुकानात आले. वेळ त्यांनी अचूक निवडली होती, कारण वर्षाची हळद भरून ठेवणारी गिऱ्हाइके फेब्रुवारीपासून मेपर्यंत येतात आणि आमचा निम्म्याहून अधिक धंदा याच काळात होतो. “काका, तुम्ही गूगलवर कुठेच दिसत नाही. सहा महिन्यांत पहिल्या क्रमांकावर आणतो, लेखी हमी देतो,” असे त्यांनी सांगितले. दरमहा १५,००० रुपये शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि जाहिरातींसाठी वेगळे २०,००० रुपये, असा व्यवहार ठरला. तीन आठवड्यांनी त्यांच्यापैकी एक जण परत आला, गल्ल्याशेजारी बसला, माझाच फोन घेऊन त्यावर ‘हळद पावडर दुकान’ असे शोधले आणि नकाशाखालच्या यादीत सर्वांत वर आमचे नाव दाखवले. त्या दिवशी मी पेढे वाटले, हे कबूल करताना आजही संकोच वाटतो.

त्यातली मेख मला फार उशिरा कळली. आसपासची दुकाने दाखवताना गूगल ज्या गोष्टी विचारात घेते त्यांत शोधणाऱ्यापासूनचे अंतर ही एक प्रमुख गोष्ट आहे, आणि हे गूगलने स्वतःच जाहीर केलेले आहे. दुकानात बसून शोधल्यावर दुकान वर येणार नाही तर काय होणार? विश्रामबागेत मेहुण्याच्या घरून तेच शब्द शोधले तेव्हा आमचे नाव बराच वेळ खाली सरकवल्यावर सापडले. शिवाय नकाशावरची ती नोंद कोणताही व्यावसायिक स्वतः मोफत करू शकतो, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलच्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलेले आहे.

दर महिन्याला चोवीस पानी रंगीत अहवाल येत असे. चौदा शब्दसमूहांत आम्ही ‘पहिल्या क्रमांकावर’ असल्याचे त्यात दाखवले होते, पण त्यांपैकी अकरा शब्दसमूहांत आमच्या दुकानाचे नावच होते, म्हणजे ज्याला दुकान आधीच ठाऊक आहे त्यालाच ते सापडत होते. फेसबुकवरचे फॉलोअर ३१२ वरून ९,४०० वर गेले. ते कोणत्या शहरांतले आहेत हे पानाच्या आकडेवारीत दिसते. तेथे परदेशी शहरांची रांग होती आणि सांगली-मिरजेचा पत्ता नव्हता. एकाच आठवड्यात चाळीस पंचतारांकित अभिप्राय आले, त्यांतल्या एकात आमच्या ‘खोल्यांच्या स्वच्छतेची’ स्तुती होती. हे सारे मी हसून सोडून दिले, कारण खरी विक्री ‘पुढच्या महिन्यापासून’ सुरू होणार होती. प्रत्यक्षात सहा महिन्यांत संकेतस्थळावरून अकरा मागण्या आल्या, त्यांतल्या चार पुण्यातल्या नातेवाइकांच्या.

खरी लूट झाली ती जाहिरातींच्या पैशांत. मी दरमहा २०,००० रुपये संस्थेच्या बँक खात्यात भरत होतो आणि ते गूगलला व फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीला देत असल्याचे सांगितले जात होते. पुरावा म्हणून मिळत होते ते स्क्रीनशॉट, आणि प्रत्येक गूगल जाहिरात खात्याला जो दहा आकडी क्रमांक असतो, तो नेमका त्यांत कापलेला असे. मूळ बिले मागितली तेव्हा सारे ग्राहक एकाच खात्यातून चालवतो, त्यामुळे बिले वेगळी काढता येत नाहीत, असे उत्तर आले. अखेर महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्याने मेटाची जाहिरात लायब्ररी उघडून दाखवली. एखाद्या पानाच्या त्या वेळी चालू असलेल्या जाहिराती तेथे कोणालाही विनाशुल्क पाहता येतात. ज्या पंधरवड्यात आमच्या तीन जाहिराती चालू असल्याचे अहवालात म्हटले होते, त्याच पंधरवड्यात आम्ही रोज रात्री दुकान बंद केल्यावर ते पान पाहिले. नऊ दिवस तेथे आमची एकही जाहिरात नव्हती.

मी करार थांबवायचा म्हणालो, तेव्हा त्यातले नववे कलम माझ्यासमोर ठेवण्यात आले. इंग्रजीतला तो करार मी न वाचता सही करून दिला होता. त्या कलमाप्रमाणे संकेतस्थळाचे डोमेन, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, संस्थेने स्वतःच्या नावावर नोंदवले होते, जाहिरात खाते त्यांचेच होते आणि नकाशावरच्या नोंदीचे मुख्य मालकही तेच होते. नोंदीची मालकी गूगलकडे रीतसर विनंती करून परत मिळाली, पण डोमेनसाठी त्यांनी ४०,००० रुपये मागितले आणि मी ते सोडून दिले. जाहिरात खाते स्वतःच्या नावाने उघडून त्याला स्वतःचे कार्ड जोडता येते आणि संस्थेला केवळ काम करण्यापुरता प्रवेश देता येतो, एवढी साधी व्यवस्था मला कोणी सांगितली नाही, आणि खरे तर मी विचारलीही नाही.

दुसरा फटका कर सल्लागारांकडून कळला. संस्थेच्या बिलांवरचा जीएसटी आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे खरेदीवर दिलेल्या ज्या कराची वजावट मिळू शकते त्याच्या मासिक विवरणात, दिसतच नव्हता. बिलावरचा नोंदणी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासला, तर ती नोंदणी आमच्या कराराच्या आधीच रद्द झालेली निघाली. कराच्या नावाखाली दिलेले १६,२०० रुपये असेच गेले. क्रमांक तपासायला दोन मिनिटे पुरतात आणि पैसेही पडत नाहीत. ग्राहक आयोगाचा मार्गही वाटतो तितका सरळ नाही, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा वगळलेली आहे. ती केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतली होती, हे आम्हाला दाखवावे लागेल, असे वकिलांचे मत आहे.

आता हंगामात महिन्याला ३,००० रुपयांपर्यंतची जाहिरात भाचा आणि मी माझ्याच खात्यातून देतो आणि मूळ बिल दुकानाच्या नावाने येते. नव्या हळदीचे फोटो नकाशावरच्या नोंदीत टाकतो, आणि ज्या जुन्या गिऱ्हाइकांनी होकार दिला आहे त्यांना फेब्रुवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर भाव कळवतो. नवे गिऱ्हाईक आले की ‘आमच्याकडे कसे आलात’ हे विचारून उत्तर वहीत लिहितो. गेल्या हंगामात सर्वाधिक नोंदी ‘शेजारणीने सांगितले’ अशा होत्या. जुन्या डोमेनचा पत्ता छापलेल्या पाच हजार पिशव्या मात्र अजून संपलेल्या नाहीत. रोज सकाळी दुकान उघडल्यावर त्यातल्या दिवसापुरत्या काढून त्या पत्त्यावर आम्ही नव्या फोन क्रमांकाची चिठ्ठी चिकटवतो.