फ्लँजच्या आड लपवलेली भोकं

बाथरूमचं काम काढणार असाल तर हे आधी वाचा.

ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटची दोन्ही बाथरूम आम्ही एका ठेकेदाराकडून नवी करून घेतली. कोटेशनमध्ये टाइल्सच्या मजुरीखेरीज एक वेगळी ओळ होती. डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे हे ठरवणारा व्हॉल्व्ह), अँगल कॉक, गीझर पॉइंट आणि एक्झॉस्ट फॅनसाठी टाइल्सना लागणारी भोकं 'डायमंड होल सॉ'ने, म्हणजे ड्रिलला लावायच्या कड्यासारख्या करवतीने कापायची, नगाला ३५० रुपये. दर चढा होता, पण तसं काम झालं असतं तर एकही रुपया वाया गेला नसता. सिरॅमिक टाइलची चकाकी काचेसारखी कडक आणि ठिसूळ असते, खालची भाजलेली माती मात्र पाणी पिते. हिऱ्याची पूड लावलेलं ते कडं टाइलवर आघात करत नाही, ती घासत जातं. म्हणून भोक गोल येतं आणि तडा जात नाही.

काम चालू असताना घरी आई होती. दुपारभर ठोकाठोक ऐकून तिने विचारलंही. "काकू, टाइलच्या कामात आवाज व्हायचाच," असं तिला सांगितलं गेलं. आम्ही संध्याकाळी घरी पोचेपर्यंत सगळीकडे चकचकीत फ्लँज, म्हणजे नळाच्या मुळाशी भोक झाकणारी गोल झाकणं, चढल्या होत्या. पुढे बिल आलं, ते आम्ही पूर्ण चुकतं केलं.

काही महिन्यांनी बेडरूमच्या भिंतीला ओल आली. पलीकडे नेमका शॉवर. पोपडे निघू लागले तसं ठेकेदाराला बोलावलं. त्याने भिंतीवर हात फिरवला आणि निदान केलं, "आतला पाइप लीक आहे, भिंत फोडावी लागेल." वर ४५ हजारांचा नवा अंदाज दिला. मला सगळ्यात जास्त चीड या गोष्टीची आहे. ओल कशाने आली हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या प्लंबरने आधी लाइनला प्रेशर पंप लावून पाइपात दाब भरला. बराच वेळ झाला तरी दाबाचा काटा जागचा हलला नाही, म्हणजे पाइप धडधाकट होता. मग त्याने डायव्हर्टरची फ्लँज उतरवली. आत छिन्नीने फोडलेलं वेडंवाकडं भगदाड होतं. कडेची चकाकी कपच्या होऊन उडालेली, एक बारीक तडा थेट टाइलच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला. पोकळीत वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वरून व्हाइट सिमेंट थापलेलं, आणि तो कागद ओला गच्च. भिंतीवरून ओघळणारं पाणी फ्लँजमागून आत जात होतं आणि टाइलमागच्या सिमेंटमधून बेडरूमपर्यंत पोचत होतं. बाकीच्या फ्लँज काढल्या तर खाली तोच प्रकार.

खरं कापकाम ओळखणं अवघड नाही. मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके देण्याची सोय, बंद असते, वेग कमी असतो आणि कापताना पाणी सोडत राहावं लागतं, त्यामुळे धूळ उडण्याऐवजी चिखलासारखं पाणी ओघळतं. शिवाय प्रत्येक भोकातून टाइलची एक गोल चकती निघते. त्या चकत्या मागून घ्या. जितक्या भोकांचे पैसे, तितक्या चकत्या. फ्लँज चढायच्या आत प्रत्येक भोकाचा फोटो काढा आणि ही अट कोटेशनवरच लिहून घ्या. अर्ध्या इंची पॉइंटला साधारण २५ ते २८ मिलिमीटरचं भोक पुरतं. ते झाकायला फारच मोठी फ्लँज लावली असेल तर आधी ती उतरवून दाखवायला सांगा. फ्लँजच्या कडेने सिलिकॉन भरलंय का, तेही बघा.

आणि ओल दिसली म्हणून कोणी लगेच भिंत फोडायला निघाला, तर प्रेशर टेस्टशिवाय हात लावू देऊ नका.

आमचा ठेकेदार आता फोन उचलत नाही. कोटेशन, बिल, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि उघड्या भोकांचे फोटो जोडून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. तुमच्याकडेही अशी ओल आली असेल तर आज एक फ्लँज उतरवून बघा.